खरेदीचं बटण आणि वकिलाची सही

२००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पाच बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी इंटरनेटवर गाण्यांची दोन दुकानं थाटली. एकाचं नाव प्रेसप्ले, दुसऱ्याचं म्युझिकनेट. प्रेसप्लेमागे युनिव्हर्सल आणि सोनी होत्या, म्युझिकनेटमागे वॉर्नर, बीएमजी आणि ईएमआय. पैसा होता, गाणी होती, हाताशी तंत्रज्ञ होते. तरी दुकानं अशी चालली की गिऱ्हाइकाला हाकलून लावणं हाच मूळ धंदा असावा. प्रेसप्लेवर महिन्याची वर्गणी भरायची. तिच्यात ठरावीक गाणी ऐकायची, ठरावीक उतरवून घ्यायची आणि त्याहूनही मोजकी सीडीवर घ्यायची. त्यातही एका कलाकाराची महिन्याला दोनच गाणी सीडीवर जात. म्युझिकनेटवरून उतरवलेलं गाणं मुदत संपली की मुकं व्हायचं. पाचही कंपन्यांची गाणी एका छपराखाली दोन्हीकडे नव्हती. वर्गणी थांबवली की सगळा साठा बंद. लग्नासाठी भाड्याने आणलेल्या भांड्यांचा व्यवहार असाच असतो. फरक इतकाच, की भांडीवाला ती विकल्याचा आव आणत नाही. 'पीसी वर्ल्ड' मासिकाने २००६ साली आजवरच्या सर्वांत वाईट तंत्र-उत्पादनांची यादी काढली, तेव्हा ही जोडी तिच्यात नवव्या क्रमांकावर होती.

ही दुकानं उघडण्याच्या पाचच महिने आधी, लोकांनी एकमेकांची गाणी उतरवून घ्यायचं नॅपस्टर कोर्टाच्या आदेशाने बंद पडलं होतं. शॉन फॅनिंग नावाच्या, कॉलेज अर्धवट सोडलेल्या मुलाने १९९९ च्या जूनमध्ये ते सुरू केलं. नॅपस्टर फुकट होतं आणि बेकायदा होतं, हे खरंच. पण लोक केवळ फुकटेपणापायी तिथे गेले असं म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. एक खिडकी, तिच्यात शोधाची चौकट. नाव टाकलं की यादी येई, ओळीवर दोनदा क्लिक केलं की गाणं येऊ लागे, आणि आलेलं गाणं कुठेही वाजे. रेकॉर्ड कंपन्यांना यातलं 'फुकट' तेवढं दिसलं, सोय दिसली नाही.

संगीताच्या दुकानांची तुलना करताना आपण सहसा पडदा पाहतो: रंग कसे आहेत, शोध चालतो का, बटण कुठे आहे. ते पाहायला हवंच. पण प्रेसप्लेचा पडदा काही भयानक नव्हता; भयानक होते त्यामागचे करार. बटण कुठे असावं हे डिझायनर ठरवतो, बटण दाबल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात काय पडावं हे वकील ठरवतात, आणि मध्ये किती वेळ जावा हे बँका. पुढे ज्या दुकानांबद्दल लिहिलं आहे, त्यांच्यातली बहुतेक सोय-गैरसोय या तिघांच्या ओढाताणीतून आली आहे.

ॲपलने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं तेव्हा त्यात दोन लाख गाणी होती. कोणतंही गाणं ९९ सेंटला. दुकान फक्त मॅक संगणकावर चालायचं, म्हणजे बाजाराच्या लहानशा कोपऱ्यात. तरी पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. विंडोजवाल्यांसाठी ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलं.

तो पहिला पडदा जवळून पाहण्याजोगा आहे. आयट्यून्स हा मुळात आपल्या संगणकावरची गाणी वाजवायचा प्रोग्राम. दुकान त्याच्याच डाव्या रकान्यात एका ओळीच्या रूपात येऊन बसलं. त्या ओळीवर क्लिक केलं की उजवीकडे दुकान. तिथली गाणीही तुमच्या स्वतःच्या गाण्यांसारखीच ओळीने मांडलेली: नाव, वेळ, कलाकार, अल्बम, किंमत. प्रत्येक ओळीच्या टोकाला खरेदीचं लहानसं बटण. ते दाबलं की एक चौकट विचारायची, खरंच घ्यायचं का? आणि त्या चौकटीतच खाली खूण करायची जागा होती: हा प्रश्न पुन्हा विचारू नका. ही खूण एकदा केली की गाणं आणि पाकीट यांच्यात एका क्लिकचं अंतर उरे. घेतलेलं गाणं आपोआप तुमच्या यादीत जाऊन बसे. ही फाइल कुठे गेली, कशाने उघडायची, असला प्रश्नच नाही. २००३ साली बहुतेकांना डाउनलोड झालेली फाइल शोधतानाच घाम फुटायचा, हे लक्षात घेतलं तर ही लहान गोष्ट नव्हती.

एका क्लिकची ही खरेदीसुद्धा करारातूनच आलेली. तिचं पेटंट ॲमेझॉनकडे होतं, १९९९ साली मिळालेलं. ॲपलने २००० सालीच ते वापरायचा परवाना घेऊन ठेवला होता. बाकीचे दुकानदार 'टोपलीत टाका', 'टोपली पाहा', 'पुढे चला' करत बसले त्यामागे पेटंटची धास्तीही होती. आणि ९९ सेंटच्या व्यवहारावर कार्ड कंपनीची दलाली परवडत नाही, म्हणून ॲपल एका गिऱ्हाइकाच्या अनेक लहान खरेद्या साठवून कार्डावर एकदाच आकारायचं. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नव्हतं, आणि न दिसणं हेच तर कसब.

एकच किंमत हीसुद्धा मला उत्तम रचना वाटते. महाग-स्वस्त असा विचारच डोक्यात येत नाही. गाणं हवं की नको, एवढंच ठरवायचं. कंपन्यांना ते कधीच रुचलं नाही. नव्या गाजत्या गाण्याला जास्त भाव हवा, अशी त्यांची मागणी होती. २००९ च्या जानेवारीत सौदा झाला: कंपन्यांनी गाण्यांवरचं कुलूप काढलं आणि ॲपलने एका किमतीचा हट्ट सोडून ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट असे तीन भाव मान्य केले.

त्या कुलपाचं नाव फेअरप्ले. सुरुवातीला घेतलेलं गाणं तीन संगणकांवर चाले, पुढे पाच झाले. खिशातल्या यंत्रावर वाजवायचं तर मात्र ॲपलचा आयपॉडच हवा. प्रेसप्लेच्या मानाने हे फारच उदार होतं, कारण साध्या वापरात बहुतेकांना कुलूप जाणवतच नसे. जाणवायचं ते आयपॉड सोडून दुसरं यंत्र घेतलं तेव्हा.

आयट्यून्सचे दोष मात्र होते आणि वाढत गेले. दुकान प्रोग्रामच्या पोटात असल्याने त्यातल्या अल्बमचा दुवा मित्राला पाठवला तर त्याच्याकडेही आयट्यून्स लागायचं. साध्या ब्राउझरमध्ये अल्बमचं पान दिसायला २००९ चा नोव्हेंबर उजाडला. गाणी वाजवायच्या त्या सुटसुटीत प्रोग्राममध्ये चित्रपट आले, मालिका आल्या, पॉडकास्ट आले, फोनची ॲप्स आली. शेवटी २०१९ साली मॅकवर त्याचे तुकडे करावे लागले. २००६ च्या जानेवारीत तर यादीखाली एक छोटी दुकानपट्टी आपोआप उघडू लागली: तुम्ही स्वतःचं कोणतं गाणं निवडलं आहे ते पाहून तसलीच गाणी सुचवणारी. त्यासाठी तुमच्या निवडीची माहिती ॲपलकडे जात होती, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ओरड झाली, तेव्हा परवानगी विचारायला सुरुवात झाली.

गाणं घेण्याआधी ऐकू किती द्यायचं? मुंबईत काळा घोडा इथलं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं. तिथे रेकॉर्ड ऐकून पाहायला वेगळ्या खोल्या असत. आयट्यून्सने ३० सेकंदं दिली, तीही बहुधा गाण्याच्या मधलीच. तीन मिनिटांच्या पॉप गाण्याचं ध्रुवपद तेवढ्यात बसतं. ख्यालाचं काय? ३० सेकंदांत तानपुरा लागतो आणि गवयाने 'सा' लावला तर लावला. २०१० च्या अखेरीस अडीच मिनिटांहून लांब गाण्यांसाठी नमुना ९० सेकंदांचा झाला. कारण पुन्हा करारच: नमुना किती लांब असावा, यालाही हक्कदारांची संमती लागे. त्यात दहा मिनिटांहून लांब ध्वनिमुद्रण सहसा सुटं विकायचंच नाही, अख्खा अल्बम घ्यायचा, असा आयट्यून्सचा रिवाज. पॉपच्या बाजारात तो कुणाला खटकला नसेल. बडा ख्याल ऐकणाऱ्याला मात्र तो एक राग घ्यायचा तर बाकीचे रागही गळ्यात मारत असे.

नेमकं याच्या उलट ई-म्युझिकवर घडत होतं. १९९८ पासूनचं हे दुकान लहान, स्वतंत्र कंपन्यांचं संगीत कुलपाविना एमपी३ मध्ये विकायचं. वर्गणीत महिन्याला ठरावीक डाउनलोड. हिशोब मिनिटांचा नव्हता, नगाचा होता. दीड मिनिटाचं पंक गाणं एक नग आणि चाळीस मिनिटांचा राग किंवा जाझची लांब मैफलही एकच नग. चोखंदळ गिऱ्हाइकांनी हे हेरलं, आणि लांब पल्ल्याचं संगीत ऐकणाऱ्यांची तिथे चंगळ झाली. तोटा असा, की न वापरलेले डाउनलोड महिनाअखेर बुडत. मग शेवटच्या दिवशी लोक काहीबाही उतरवून घ्यायचे. त्यातून कुणाला एखादा अनोळखी, अप्रतिम गायक सापडायचा आणि कुणाची नुसतीच अडगळ वाढायची. शोधाच्या बाबतीत ई-म्युझिक आयट्यून्सपेक्षा कच्चं होतं, पण जाणत्यांनी लिहिलेल्या ओळखी आणि समीक्षा तिथे असत. ज्याला काय हवं ते ठाऊक नाही, पण काहीतरी चांगलं हवं आहे, अशा माणसाला त्या उपयोगी पडत.

निव्वळ वापरसोयीवर गुण द्यायचे तर त्या काळातलं सर्वांत सुरेख दुकान रशियात होतं, आणि ते चोरबाजार मानलं जात होतं. ऑलऑफएमपी३ वर गाणं मेगाबाइटच्या भावाने मिळायचं. फाइलचा प्रकार कोणता, दर्जा किती, हे गिऱ्हाईक ठरवणार. जास्त दर्जा म्हणजे मोठी फाइल, म्हणजे थोडे जास्त पैसे. अख्खा अल्बम अमेरिकेतल्या दोन-तीन गाण्यांच्या किमतीत. रशियातल्या एका हक्कसंस्थेचा परवाना असल्याचं दुकान सांगायचं. मूळ कंपन्यांना तो मान्य नव्हता आणि त्यांच्या हातात एक पैही पडत नव्हती. रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाच्या वाटाघाटींत अमेरिकेने हा विषय लावून धरला, आणि २००७ साली दुकान बंद झालं. वकिलांचं ओझं नसलेला डिझायनर काय करू शकतो ते या दुकानाने दाखवलं. गाणाऱ्याला पैसे देण्याची जबाबदारी नसली की दुकान सोपं करणं किती सोपं, हेही.

ॲमेझॉनने सप्टेंबर २००७ मध्ये एमपी३ विकायला सुरुवात केली. वीस लाख गाणी, बहुतेक ८९ ते ९९ सेंटला, एकालाही कुलूप नाही. पडदा अगदी रूक्ष. ॲमेझॉनवर प्रेशर कुकरचं पान जसं असतं तसंच अल्बमचं पान: मुखपृष्ठ, तारे, गिऱ्हाइकांची मतं आणि खाली गाण्यांचा तक्ता. पण पान ब्राउझरमध्ये उघडायचं, गूगलवर सापडायचं, कुणालाही पाठवता यायचं. सुटं गाणं थेट उतरे. अख्ख्या अल्बमसाठी मात्र एक छोटा प्रोग्राम आधी बसवावा लागे. बटण दाबलं की एक चिमुकली फाइल यायची, ती तो प्रोग्राम उघडायचा, मग खरी गाणी यायची, आणि शेवटी ती आयट्यून्सच्याच यादीत जाऊन बसायची! प्रतिस्पर्ध्याच्या कपाटात माल लावून देणारा दुकानदार विरळाच.

इथे वकिलाची सही अगदी ढळढळीत दिसते. २००८ च्या जानेवारीपर्यंत चारही मोठ्या कंपन्यांनी (सोनी आणि बीएमजी तोवर एक झाल्या होत्या) ॲमेझॉनला कुलूपविरहित गाणी दिली होती. आयट्यून्सला मात्र ईएमआयखेरीज इतरांनी ती आणखी वर्षभर दिली नाहीत, कारण ॲपलचा बाजारावरचा पगडा त्यांना सैल करायचा होता. वर्षभर परिस्थिती अशी, की तेच गाणं, तोच गायक, जवळपास तीच किंमत. एका दुकानात ते कोणत्याही यंत्रावर वाजणार आणि दुसऱ्यात ठरावीक यंत्रांवर. ॲपलच्या डिझायनरांनी कितीही डोकं चालवलं असतं तरी यात फरक पडला नसता. कुलूप नको, असं उघड पत्र स्टीव्ह जॉब्सने फेब्रुवारी २००७ मध्येच लिहिलं होतं. चावी त्याच्या हातात नव्हती.

मायक्रोसॉफ्टची कथा थोडक्यात उरकण्याजोगी. आधी एमएसएन म्युझिक काढलं. मग २००६ साली झून नावाचं स्वतःचं यंत्र आणलं, ज्यावर एमएसएनची कुलूपबंद गाणी वाजतच नव्हती. झूनच्या दुकानात भाव डॉलरमध्ये नव्हताच, 'पॉइंट' मध्ये होता: एका गाण्याला ७९ पॉइंट. ८० पॉइंट म्हणजे एक डॉलर, म्हणजे ७९ पॉइंट म्हणजे ९९ सेंट. गाणं घेण्याआधी त्रैराशिक. असं दुकान काढताना कुणाच्या तरी मनात गिऱ्हाईक असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता एक दुकान असं, की सामान्य श्रोत्याने त्यात पाऊल टाकलं तर भांबावून जाईल. डेन्व्हरच्या बीटपोर्टने २००४ पासून फक्त डीजे लोकांसाठी दुकान चालवलं आहे. प्रत्येक गाण्याच्या ओळीत मिश्रणाचं नाव, मिनिटाला ठोके किती, पट्टी कोणती, कोणत्या कंपनीने कोणत्या तारखेला काढलं, असा सगळा तपशील. शेजारी ध्वनिलहरीचं चित्र. चित्रात कुठेही क्लिक करा, तिथून गाणं वाजू लागतं. ठेका कुठे थांबतो, कुठे पुन्हा कोसळतो, हे डीजेला डोळ्यांनीच कळतं. ३० सेकंदांत त्याचं भागत नाही, म्हणून नमुना लांब. मोठ्या सभागृहात वाजवायचं तर दाबलेली एमपी३ चालत नाही, म्हणून मूळ दर्जाच्या फाइली थोड्या जास्त पैशांत. सोपेपणा म्हणजे कमी माहिती, असं समजणाऱ्यांनी हे पान जरूर पाहावं. ज्याला माहिती हवी आहे, त्याच्यासाठी खचाखच भरलेला पडदाच सोपा.

२००७ च्या ऑक्टोबरात रेडिओहेड या इंग्लिश बँडने 'इन रेनबोज' हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला ठेवला. किमतीची चौकट रिकामी. तिच्या शेजारी प्रश्नचिन्ह. त्यावर क्लिक केलं की उत्तर यायचं, किंमत तुम्ही ठरवा. पुन्हा क्लिक केलं तर तेच, खरंच म्हणतोय, अशा सुरात. शून्य टाकलं तरी अल्बम मिळायचा. पैसे दिले तर कार्डाचा ४५ पेन्सचा आकार वर. गाण्यांचा दर्जा जेमतेम १६० केबीपीएस असेल, हे मात्र अल्बम यायच्या आदल्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं, आणि आधीच पैसे भरलेले काही चाहते त्यावर चिडले. चिडणं योग्यच होतं.

ही रिकामी चौकट एका बँडपुरती न ठेवता कुणाही कलाकाराला वापरता येईल अशी केली ती बँडकॅम्पने. इथन डायमंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ते सुरू केलं. दुकानाचं एकच मोठं दालन न करता त्यांनी प्रत्येक कलाकाराला स्वतःचं पान दिलं: त्याचे रंग, त्याचं चित्र, त्याचा पत्ता. डावीकडे वाजवायचं बटण आणि गाण्यांची यादी, शेजारी मोठं मुखपृष्ठ. गाणं ३० सेकंदं नाही, पूर्ण ऐका. कलाकाराने मर्यादा घातली असेल तर तेच गाणं काही वेळा वाजवल्यावर एक खट्याळ चौकट येते: आता मन तरी उघडा नाहीतर पाकीट तरी. डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं. कलाकाराने किमान किंमत ठेवली असेल तर ती आणि वर मनाला येईल ते, असं गिऱ्हाईक भरू शकतं, आणि लोक वरचे पैसे खरोखर भरतात. पैसे भरल्यावर एक यादी उघडते: एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक, वेव्ह, तुम्हाला हवा तो प्रकार निवडा. आज एक घ्या, उद्या दुसरा घ्या, त्याच पैशात. ऑलऑफएमपी३ ची ही सोय इथे सरळ मार्गाने आली, आणि ती देता आली कारण करार कलाकाराशी थेट होता.

बँडकॅम्पचा शोध मात्र सुमार आहे. नाव ठाऊक असेल तर ठीक, नसेल तर नशीब. आणि मालक बदलायचा धोका चुकलेला नाही: २०२२ साली एपिक गेम्सने ते घेतलं, २०२३ साली साँगट्रेडरला विकलं, आणि त्या हस्तांतरात जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

शोधाचा विषय निघालाच आहे तर त्याचं मूळ पाहू. १९९६ साली एरिक केम्प या प्रोग्रामरने एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटची चिठ्ठी चिकटवायची युक्ती काढली. तिचं नाव आयडी३. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि प्रकारासाठी एक आकडा. अक्षरं फक्त रोमन. प्रकारांची मूळ यादी ८० नोंदींची. तिच्यात पोल्का होता, हिंदुस्थानी संगीत नव्हतं. आपल्या गाण्याला जवळची नोंद 'एथनिक', क्रमांक ४८. पुढे चिठ्ठी मोठी झाली, देवनागरीही आली, पण कलाकार-अल्बम-गाणं हा तीन खणांचा साचा दुकानांच्या हाडात मुरला.

मराठी गाणं या साच्यात कसं बसवणार? 'गीतरामायण' घ्या. गीतं ग. दि. माडगूळकरांची, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि ध्वनिमुद्रिकांवर आवाजही त्यांचाच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ५६ गीतांची ही माला. दुकानाच्या 'कलाकार' या खणात फडके जातात. माडगूळकर कुठे जाणार? आणि फडके तरी 'पीएच' ने लिहिलेले शोधायचे की 'एफ' ने? आपल्याकडे गाणं कवीवरून आठवतं, संगीतकारावरून आठवतं, नाटकावरून आठवतं, रागावरून आठवतं. 'आठवणीतली गाणी' या मराठी संकेतस्थळावर गीतकार, संगीतकार, स्वर, राग अशा वेगवेगळ्या वाटांनी गाण्यापाशी जाता येतं. तिथे विक्री होत नाही. पण गाणं सापडावं कसं, याचा धडा कोट्यवधी डॉलरच्या दुकानांनी तिथून घ्यावा.

भारतात हे सगळं उशिरा पोचलं. सारेगामासारख्या कंपन्यांची गाणी अमेरिकेतल्या आयट्यून्सवर विकत मिळत होती, म्हणजे न्यू जर्सीतला मराठी माणूस ती घेऊ शकत होता आणि नाशिकमधला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं दुकान उघडलं: कुलपाविना एमपी३, सहा रुपयांपासून पुढे. डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्स आलं: ७, १२ आणि १५ रुपये. भाव वाजवी होते. तरी जून २०१३ मध्ये फ्लाइट बंद झालं.

आपल्या लोकांना फुकटची सवय, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. हेच लोक कॉलरट्यूनला महिन्याला तीसेक रुपये देत होते, आणि कॉलरट्यून तर स्वतःला ऐकूही येत नाही! ते पैसे फोनच्या शिलकीतून कटत, एवढाच फरक. फ्लाइटवर बारा रुपयांचं गाणं घ्यायचं तर कार्डाचे सोळा आकडे टाका, मुदत टाका, मागचे तीन आकडे टाका. मग बँकेचं पान उघडेल, तिथे पासवर्ड किंवा एसएमएसने आलेला आकडा टाका. तोवर नेट गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ही दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली होती. पाच हजारांच्या विमान तिकिटासाठी नियम रास्तच. बारा रुपयांच्या भावगीतासाठी तो डोंगर झाला. लहान रकमांना सवलत मिळायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. आणि अतिसोपेपणाचाही त्रास असतो: न मागता कॉलरट्यून सुरू झाल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायला ग्राहकाच्या दुहेरी संमतीचा नियम आणावा लागला.

फ्लाइटचा खरा प्रतिस्पर्धी आयट्यून्स नव्हताच. तो होता कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला. काउंटरवर पाटी: मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील.

"दादा, जुनी भावगीतं भर, चार लावण्या भर, आणि बाबांसाठी अभंग."

"दोन जीबीत बसतील. अर्ध्या तासाने या."

बोलून शोध, रोखीने पैसे, माल थेट फोनमध्ये. गायक, कवी, संगीतकार यांना छदाम नाही, तेव्हा हा धंदा बेकायदाच. पण त्याला हरवायचं तर त्याच्याइतकं सोपं व्हायला हवं होतं, आणि ते फ्लिपकार्टच्या हातात नव्हतं. फ्लाइटची धुरा सांभाळणाऱ्या समीर निगम यांनी पुढे २०१५ साली फोनपे काढलं. बारा रुपये देणं अखेर दोन सेकंदांचं काम झालं, तोवर गाणी विकत घ्यायचा काळ सरत आला होता. अमेरिकेत २०१३ सालीच गाण्यांचे डाउनलोड आदल्या वर्षीच्या १३४ कोटींवरून १२६ कोटींवर उतरले होते. २०१५ मध्ये ॲपलनेही वर्गणीवर गाणी ऐकवायला सुरुवात केली.

या सगळ्यांत एक निवडायचं तर मी बँडकॅम्प निवडेन, आणि कारण पडदा नव्हे. पैसे दिल्यावर हातात काय पडतं, त्यातले किती गाणाऱ्याला जातात आणि उद्या दुकान बंद झालं तर आपल्याकडे काय उरतं, या तीनही प्रश्नांना तिथे सरळ उत्तर आहे. आयट्यून्सचं पहिलं वर्ष हा पडद्याच्या रचनेचा कळस होता, यात शंका नाही. पण त्या वर्षी घेतलेली गाणी कुलपाखालची होती.

तुमच्या जुन्या संगणकावर २००९ च्या आधी आयट्यून्सवरून घेतलेली गाणी असतील तर फाइलींची शेपटं पाहून घ्या. एम४ए असेल तर ती फाइल मोकळी आहे. दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवून ठेवा. एम४पी असेल तर तिच्यावर अजून फेअरप्लेचं कुलूप आहे, आणि तो संगणक किंवा ॲपलचं ते खातं गेलं की गाणंही गेलं. आयट्यून्स मॅच ही वार्षिक वर्गणीची सेवा ओळख पटलेल्या अशा गाण्यांची कुलूपविरहित प्रत देते. एक वर्षाची वर्गणी भरा, सगळी गाणी उतरवून घ्या आणि मग वर्गणी बंद करा.